तीन नंबरच्या वाफ्यातली माती

कलादालनातल्या कॅन्टीनची बाई प्रदर्शनातली माती खाते, हे तुमच्या कानावर आलंच असेल. किती खाल्ली म्हणून ऐकलंत तेवढं सांगा, मग कोणाकडून ऐकलंत ते मी सांगते. चिमूटभर असेल, तर दारावरच्या मिशाकाकांकडून. वाटीभर असेल, तर ऑफिसातल्या कारकुनाकडून. तो आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे, आणि म्हणतो, "मी काही बोललो नाही हं, पण चांगली वाटीभर!" आणि अख्खा वाफा फस्त करून तिनं वर ढेकर दिली असं ऐकलं असेल, तर ते समोरच्या सलूनमधलं. तिथे कुठलीही गोष्ट दाढी वाढलेली आत जाते आणि पावडर लावून बाहेर येते.

खरं काय ते मी सांगते, कारण ती बाई माझी आत्या आहे. तिनं माती खाल्ली नाही. चाखली. चिमटीत मावते त्याच्या निम्मी, जिभेच्या टोकावर, मनात दहा आकडे होईपर्यंत. मग रुमालात थुंकली, चूळ भरली आणि परत कांदे चिरायला बसली. खाणं आणि चाखणं यातला फरक निदान स्वयंपाक करणाऱ्या बाईला तरी कोणी शिकवायला जाऊ नये.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आठ वर्षांपूर्वी ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा सोबत एक पत्र्याची ट्रंक होती आणि तळाला भोकं पाडलेले तेलाचे पाच डबे. तिचे यजमान आधीच गेले होते, मूलबाळ नव्हतं, शेत होतं तेही नुकतंच गेलं होतं. ट्रंकेत दोन लुगडी आणि एक घोंगडी. डब्यांत चवळी पेरलेली. डबे तिनं आल्या आल्या आमच्या गॅलरीत ओळीनं मांडले. माझी आई कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"वन्सं, आता मी कपडे कुठे वाळत घालू?"

"माझ्या डोक्यावर घाल," आत्या म्हणाली. "ऊन चांगलं लागतं तिथे."

दरवर्षी ती त्या डब्यांत चवळी पेरायची, शेंगा वाळवायची, बी काढायची, एका बाटलीत भरून ठेवायची आणि पुढच्या वर्षी तेच बी पुन्हा पेरायची. आम्ही एक शेंग मागितली तरी हात मागे घ्यायची. "हे खायचं नाही. हे जिवंत ठेवायचं आहे." शेत नसताना बी कशासाठी जिवंत ठेवायचं, हे विचारायची हिंमत आमच्या घरात कोणाची नव्हती.

माती चाखायची रीत तिच्या माहेरची. पेरणीच्या आधी घरातल्या मोठ्या माणसानं शेताच्या चारही कोपऱ्यांची आणि मधली माती जिभेवर ठेवायची. आंबूस लागली तर राख टाकायची, खारट लागली तर पाणी कुठे तुंबतं ते शोधायचं, काहीच लागलं नाही तर शेणखत. लग्नानंतर सासरच्या गावातही तिला शेजारचे लोक बोलवायला लागले. "वहिनी, आमच्याकडे जरा जीभ लावून जा." चहा पाजायचे. मातीनंतरचा चहा फार गोड लागतो, असं ती सांगायची.

शेत कसं गेलं ते ती फार थोडक्यात सांगते, आणि दर वेळी त्याच शब्दांत. काढणी होऊन चार दिवस झाले होते. रान मोकळं होतं. मोजणीवाला साहेब आला, फोटो काढला आणि कागदावर लिहिलं: पडीक.

"साहेब, परवापर्यंत उभं पीक होतं इथे."

"मावशी, मी परवा आलो नव्हतो. आज आलोय."

शेजारच्या चार शेतांचंही तेच. पाच शेतं, पाच फोटो, पाच वेळा पडीक. पडीक जमीन घ्यायला सरकारला काही अडचण नसते. आज तिथे विमानतळाची धावपट्टी आहे. विमान डोक्यावरून गेलं की आम्ही वर बघतो, आत्या खाली बघते.

"गेली त्याचं एवढं नाही ग," ती म्हणायची. "माणसंही जातात. पण ती बदनाम होऊन गेली."

आईनं कलादालनाच्या कॅन्टीनचं काम घेतलं तेव्हा आत्या तिथे स्वयंपाकाला लागली. शाळा सुटली की मीही तिथेच. कलादालनात येणारी माणसं म्हणजे माझी मेजवानी. मला नकला येतात. येतात म्हणजे थांबवता येत नाहीत. चित्रापासून चार पावलं मागे जाऊन मान तिरकी करणारे, पाटी आधी वाचून मग चित्राकडे बघणारे, काहीच न कळल्यावर "रंग छान आहेत" म्हणणारे. सगळे माझ्याकडे जमा आहेत. आत्या हसून हसून झारा खाली ठेवायची. मला पोपटे म्हणायची.

तर एक दिवस मातीवाली आली. हे नाव आम्ही ठेवलेलं. ती मोठी कलाकार, पण चित्र काढत नाही, मूर्ती करत नाही. तिचे खिसे कायम फुगलेले आणि केसांत खोचलेली पेन्सिल ती दिवसभर शोधत असते. बोलताना दर वाक्याची सुरुवात "म्हणजे, मला असं वाटतं की" अशी, आणि मग जे वाटतं ते शोधायला छताकडे बघायचं. तिला विमानतळाच्या जमिनीवर काहीतरी करायचं होतं. कॅन्टीनमध्ये जेवता जेवता कोणाला तरी सांगत होती, तेव्हा आत्या वाढता वाढता थांबली.

"त्यातलं, कागदावरचं तीन नंबरचं शेत माझं," ती म्हणाली.

त्या दिवशी मातीवालीनं दोनदा जेवण मागवलं आणि दोन्ही वेळा ते गार झालं. मग तिनं कल्पना सांगितली. लाकडाचे पाच मोठे वाफे करायचे. एकेका शेताची माती एकेका वाफ्यात. वर भिंतीला सरकारी कागदाची मोठी प्रत, त्यावर तो शब्द: पडीक. आणि खाली त्याच मातीत उगवलेली हिरवीगार रोपं. उद्घाटनाला पाहुण्यांना चवळीच्या सूपची एकेक वाटी.

"म्हणजे, मला असं वाटतं की कागद एक बोलेल आणि माती दुसरं बोलेल. मी मध्ये काहीच बोलणार नाही."

आत्या भांडी घासताना मला म्हणाली, "पोपटे, या शहरात आठ वर्षांत एवढी शहाणी बाई मी पहिल्यांदा बघितली." रात्री तिनं बाटलीतलं सगळं बी पदरात ओतलं.

"वन्सं, थोडं तरी ठेवा," आई म्हणाली.

"कशाला? ते आपल्या घरी चाललंय. तिथे मूठभराचं पोतं होईल."

माझ्या आत्याला कधी काही हवंसं झालेलं मी बघितलं नव्हतं. लुगडं नको, औषध नको, गावाला जायला नको. आता तिला एक गोष्ट हवी होती. चार लोकांनी तिच्या मातीसमोर उभं राहावं आणि म्हणावं, अरे, ही तर चांगली होती.

विमानतळाच्या कुंपणाच्या आत जायचा पास मातीवालीला मिळेना. तो फक्त आत सपाटीकरण करणाऱ्या कंत्राटदाराकडे. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "मॅडम, पाच शेतं, पाच पोती. नंबर टाकून आणतो." आणली. प्रत्येक पोत्यावर लाल रंगात नंबर. मातीवालीचे डोळे भरून आले, तिनं पोत्यांचेच वीस फोटो काढले. वाफे भरले, भोवती दोरी बांधली, 'हात लावू नये' अशी पाटी लागली. उद्घाटनाला बारा दिवस होते. आत्यानं दोरीच्या आत वाकून स्वतःच्या हातानं बी टोचलं. माती भुसभुशीत, वरून ओली केलेली, काळी दिसत होती. तेव्हा तिनं चाखली नाही. पुढे मी विचारलं का नाही चाखलीस, तर म्हणाली, "आपल्या माणसाची कोणी परीक्षा घेतं का?"

पाचव्या दिवशी अंकुर आले. नवव्या दिवशी पानं पिवळी पडली.

आत्यानं आधी पाण्यावर संशय घेतला, मग हॉलमधल्या गार हवेवर, मग दिव्यांवर. दहाव्या दिवशी सकाळी, दालन उघडायच्या आधी, ती मिशाकाकांकडे गेली.

"काका, जरा पाठ फिरवा."

"ड्यूटीवर पाठ फिरवता येत नाही," मिशाकाका म्हणाले. "शिंक आली तर मात्र माझा इलाज नाही." आणि ते लागोपाठ पाच शिंका शिंकले. वाफेही पाचच होते.

आत्यानं आधी तीन नंबरची चिमूट जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मग एक, दोन, चार, पाच. दर वेळी रुमाल. शेवटी ती मागच्या दारानं बाहेर गेली, जिथे नव्या पार्किंगसाठी जुनी भिंत पाडून खड्डा खणला होता. खड्ड्याच्या कडेची चिमूट घेतली. हीच.

"चुना," ती म्हणाली. "पाचही एका खड्ड्यातली. सख्ख्या पाच बहिणी असल्या तरी एका तोंडवळ्याच्या नसतात ग."

कंत्राटदारानं माती विमानतळावरून आणण्याऐवजी दालनाच्या मागून पुढे आणली होती. वर थोडं खत भुरभुरवलं होतं.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्याच दुपारी मी ऑफिसात चहा द्यायला गेले. कारकुनानं विचारलं, आज नवीन काय? आणि मी आत्या केली. डोळे मिटले, जीभ बाहेर काढली, भुवया वर नेल्या. "हंऽऽऽ... चुना!" सगळे टेबलं बडवून हसले. पुन्हा कर म्हणाले. पुन्हा केली. तिसऱ्या वेळी मी हातात वाटी घेतली आणि बोटांनी निपटून खाल्ल्यासारखं केलं. नकलेत थोडी भर घालावीच लागते. ती वाटी माझी. आत्यानं वाटी कधी हातात घेतलीच नव्हती.

संध्याकाळी आत्यानं मातीवालीला सांगितलं. मातीवाली म्हणाली, "काकू, चवीवरून कसं...?" आत्या म्हणाली, "मग घ्या परीक्षा." मातीवालीनं इकडून तिकडून माती आणून पाच चमचे मांडले आणि आत्याच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला.

"ही दारातल्या कुंडीतली. चहापत्ती टाकतात हिच्यात. ही नदीकाठची, रेती आहे. ही पार्किंगची. ही कुठल्यातरी शाळेच्या मैदानातली, पोरांनी पार तुडवून पीठ केलीय. आणि बाई, ही माती नाही, कॉफी आहे."

मातीवाली खुर्चीत बसली ती बराच वेळ उठलीच नाही. मग उठून तडक साहेबांच्या खोलीत गेली. साहेब म्हणजे दालनाचे संचालक, कधीही आवाज न चढवणारे. आम्हाला बाहेर ऐकू येत होतं ते सगळं मातीवालीचं. साहेबांचं एकच वाक्य शेवटी ऐकू आलं, कारण ते दार उघडून म्हणाले, "पुस्तिका छापून झालीय. हॉलमधला एसी विमानतळवाल्यांनी दिलाय. उद्या नाही, परवा मंत्री येतायत. तुम्हीच सांगा."

मातीवाली कॅन्टीनमध्ये आली तेव्हा तिच्या केसांतली पेन्सिल खरंच हरवली होती.

"काकू, म्हणजे, मला असं वाटतं की... मरणारं रोपही काहीतरी सांगतंच ना."

"सांगतं," आत्या म्हणाली. "खोटं सांगतं."

पण सूप करायचं तिनं कबूल केलं होतं, म्हणून केलं. चवळी बाजारातून आणली. बाराव्या दिवशी ती पहाटेपासून उभी होती. पातेलं ढवळत होती. आईनं "मीठ बघा" म्हटलं तेव्हा "तू बघ" म्हणाली. तिनं चव बघायला नकार दिलेला आम्ही पहिल्यांदा ऐकला.

उद्घाटनाला हॉल गच्च भरला. मंत्र्यांनी पहिला वाफा बघितला, दुसरा बघितला आणि तिसऱ्याशी थांबले, कारण फोटोवाल्यांनी तिथेच थांबवलं. वर कागद: पडीक. खाली पिवळी, माना टाकलेली रोपं. मंत्र्यांनी एकदा वर बघितलं, एकदा खाली, आणि हात पसरून म्हणाले, "बघा! आम्ही काही उगाच लिहीत नाही." लोक हसले. साहेबही हसले. मातीवालीनं छताकडे बघितलं, पण तिथे तिला काही सापडलं नाही.

आत्या वाट्यांचं ताट घेऊन तिथेच उभी होती. तिनं ताट वाफ्याच्या काठावर ठेवलं.

"मंत्रीसाहेब, ही माझ्या शेतातली माती नाही. ही मागच्या पार्किंगच्या खड्ड्यातली आहे. माझ्या शेतात चवळी गुडघ्याला लागायची."

आवाज मोठा नव्हता. पण हॉल रिकाम्या भिंतींचा असतो, तिथे हळू बोललेलंही नीट पोचतं.

"असं?" मंत्री म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता, मजेचा होता. "आणि हे कशावरून कळलं तुम्हाला?"

"चाखून."

क्षणभर मंत्री पुन्हा वाफ्याकडे वळून बघायला लागले. त्या क्षणात काहीही होऊ शकलं असतं, असं मला अजून वाटतं. मग मागून कारकुनाचा आवाज आला. "हंऽऽऽ... चुना!" जीभ, भुवया आणि पुढ्यातली वाटी बोटांनी निपटणं, सगळं माझं, जसंच्या तसं. ऑफिसवाले फुटले, त्यांचं बघून पाहुणे फुटले, मंत्र्यांनीही सूपची वाटी वर धरून विचारलं, "यात तर नाही ना घातली?" मग तर हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. हातातल्या वाट्या एकेक करून टेबलावर परत गेल्या. कोणी प्यायलं नाही.

माझ्या नकलेला एवढं मोठं हसू आधी कधीच मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या दाराला कागद लागला होता. माती खाणाऱ्या व्यक्तीला अन्न हाताळू देता येणार नाही, आरोग्याच्या कारणास्तव. आई कागदासमोर उभी राहिली. कॅन्टीन गेलं तर घर कशावर चालणार, हे तिला माहीत होतं आणि आत्यालाही. आत्यानं पुढचा एप्रन सोडला, चार घड्या घातल्या, आईच्या हातात दिला. "रडू नकोस. कांदे आज तुला चिरायचेत, तेव्हा रड."

घरी आल्यावर मी तिला सांगून टाकलं. वाटी माझी होती म्हणून.

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच्या तोंडात आवाज तुझाच होता."

एवढंच. एक थप्पड मारली असती तरी बरं झालं असतं.

त्यानंतर आत्यानं घरातही स्वयंपाकाला हात लावला नाही. वाढलेलं जेवायची, ताट धुवायची आणि गॅलरीत जाऊन बसायची. पाच डबे तिथेच होते, नुसत्या मातीचे. बाटली रिकामी. आईनं कपड्यांची दोरी अजूनही घरातच बांधलेली होती, डब्यांत काही उगवत नसूनही. विमान गेलं की आत्या पूर्वीसारखीच खाली बघायची, पण आता खाली बघायलाही काही नव्हतं.

प्रदर्शन संपायला तीन दिवस राहिले तेव्हा मी म्हटलं, "आत्या, मी तुझ्या शेताची माती आणून देते. खरी."

"नाही आणू शकणार तू."

"पैज."

आठवड्यात पहिल्यांदा तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तू आणलीस तर?"

"तर तू चुलीपाशी परत यायचं. घरातल्या तरी."

"आणि नाही आणलीस तर त्या हॉलमध्ये, तीन नंबरच्या वाफ्यापाशी उभं राहून माझी नक्कल करायची. सगळ्यांसमोर. मी बोलले ते, तसंच. बोल."

मी टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी दोन बस बदलून विमानतळाच्या मागच्या अंगाला गेले. आत्यानं खूण सांगितली होती, दिव्याचा दुसरा आणि तिसरा खांब, त्यांच्या मध्ये. खांब दिसत होते. मध्ये डांबर होतं. कुंपणाशी शिपाई होता, तो दुरूनच म्हणाला, "ए पोरी, विमान बघायचं तर पुढून बघ." आत्याकडून ऐकून उचललेल्या मोजणीवाल्या साहेबाच्या आवाजात मी त्याला दोन गोष्टी ऐकवल्या. त्याला हसू आलं, पण दार उघडलं नाही. कुंपणाच्या अलीकडे एक सुकलेला ओढा आणि ओढ्याच्या अलीकडे एक शेत अजून शिल्लक होतं. काळीभोर माती. खांबांपासून ओरडलं तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. वर आभाळ तेच, पाऊस तोच. मी डबा भरला.

आत्या गॅलरीत बसली होती. मी डबा पुढे केला आणि तोंड बंद ठेवलं. मला सगळ्यांचे आवाज येतात, पण खोटं बोलताना माझा स्वतःचाच आवाज फुटतो, हे तिला माहीत आहे.

तिनं चिमूट घेतली. जिभेवर ठेवली. डोळे मिटले. दहा आकडे झाले, वीस झाले. मी रुमाल पुढे धरला होता, तो तिनं घेतला नाही. तिनं गिळली. आठ वर्षांत, त्या सगळ्या अफवांत, माझ्या वाटीतसुद्धा जे खरोखर झालं नव्हतं ते आता माझ्यासमोर झालं. तिनं माती खाल्ली.

मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती. दोन्ही होतं.

"ओढ्याअलीकडची," ती म्हणाली. "त्या भांडखोराची. मेला दरवर्षी पाणी आमच्याकडे वळवायचा. राख टाका, राख टाका म्हणून कानीकपाळी ओरडले, नाहीच टाकली त्यानं. अजून आंबूस आहे बघ."

तिनं पुन्हा एक चिमूट घेतली. जुन्या शेजाऱ्याच्या घरचं काही आलं की माणूस जसं घेतं, तशी. बराच वेळ डबा मांडीवर धरून बसली. विमान गेलं. तिनं वर बघितलं नाही, खालीही बघितलं नाही, डब्याचं झाकण नीट लावलं.

"हरलीस पोपटे," ती म्हणाली. "उद्या जा. पदर डाव्या खांद्यावर घे, मला पोक नाहीये ते काढू नकोस. आणि वाटी घ्यायची नाही."